यंत्राचे पाखरू हवेत किती वेळ राहते?

श्रोतेहो, मराठवाड्यातल्या शिवारांत आता ड्रोनची फवारणी अधूनमधून पाहायला मिळते. देवगाव फाट्यावरून जिंतूरकडे जा, नाहीतर सेलूकडे वळा. दोन्ही अंगांना कापूस, सोयाबीन आणि तूर. अशा रानात ड्रोन उडू लागला, की बांधावर माणसे गोळा होतात. आणि दहा-बारा मिनिटांत तो खाली उतरला, की कोणीतरी हमखास विचारतो, “अहो, एवढ्यातच दमलं का हे?”

प्रश्न रास्त आहे. जमिनीवरच्या माणसाने रेडिओच्या लहरींनी चालवलेले बिनमाणसाचे छोटे विमान हवेत राहू तरी किती वेळ शकते?

आधी थोडे मागे जाऊ. १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत आल्फाँस पेनो या तरुणाने पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर एक लहानसे विमान उडवले. ते अकरा सेकंद हवेत राहिले आणि सुमारे चाळीस मीटर गेले. १८९६ साली अमेरिकेत लँग्ली यांचे वाफेवरचे बिनमाणसाचे विमान दीड मिनिटाच्या आसपास उडाले. ही दोन्ही विमाने एकदा हातची सुटली, की सुटलीच. त्यांना आकाशात वळवण्याची सोय नव्हती. रेडिओच्या लहरींनी ती सोय केली. माझा आवाज ज्या जातीच्या लहरींवर बसून तुमच्या घरी येतो, त्याच जातीच्या लहरी विमानाला ‘डावीकडे वळ, वर चढ’ असे सांगतात.

आता अकरा सेकंदांवरून एकदम २००३ सालात या. मेनार्ड हिल हे अमेरिकेतले सत्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांनी बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचे एक विमान बांधले. इंधनासकट वजन पाच किलोंच्या आत, आणि इंजिन अवघे दहा सी.सी.चे, म्हणजे आपल्या जुन्या लूनाच्या इंजिनाचा पाचवा हिस्सा. ऑगस्ट महिन्यात कॅनडाच्या किनाऱ्यावरून ते सोडले. आधीचे प्रयत्न समुद्रात बुडाले होते. हे विमान मात्र अटलांटिक महासागर ओलांडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. वेळ लागला अडतीस तास बावन्न मिनिटे. अंतर झाले सुमारे ३,०३० किलोमीटर. आपल्या देशाची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, हे शाळेतली मुलेही सांगतील. त्यावरून अंदाज करा! उड्डाण आणि उतरणे रेडिओने झाले. मधल्या समुद्रावर हातातल्या पेटीच्या लहरी पोचत नाहीत. तिथे उपग्रहांच्या खुणांवरून विमानातल्या यंत्राने वाट धरली.

मग पाच किलोंचे विमान दीड दिवसाहून जास्त उडते, आणि आपला ड्रोन पाव तासही का टिकत नाही? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण पंखांचे. उन्हाळ्यात तापलेल्या रानावर घार पंख न हलवता घिरट्या घालते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पुढे जाणाऱ्या पंखाला हवाच उचलून धरते. त्यामुळे चांगल्या बांधणीच्या दहा किलोंच्या विमानाला पुढे ओढायला एखाद्या किलोचा जोर पुरतो. ड्रोनला असे पंख नसतात. त्याच्या फिरत्या पात्यांना सगळेच्या सगळे वजन क्षणोक्षणी उचलून धरावे लागते. डोक्यावर पोते घेऊन उभे राहणे वेगळे आणि तेच पोते गाडीवर घालून ओढणे वेगळे.

दुसरे कारण शिदोरीचे. एक किलो पेट्रोलात जेवढी शक्ती असते, तेवढी साठवायला आजच्या चांगल्या बॅटऱ्यासुद्धा पन्नास किलोंच्या आसपास लागतील. इंजिनात बरीच शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते खरी, पण ती वजा करूनही पेट्रोलच कितीतरी पुढे राहते. शिवाय इंधन जळेल तसे विमान हलके होत जाते. हिल यांच्या विमानात पाच भागांतले सुमारे दोन भाग वजन इंधनाचेच होते. बॅटरी मात्र भरलेली असो की रिकामी, वजन तेवढेच.

तिसरे कारण ओझ्याचे. दहा लिटरची टाकी म्हणजे दहा किलोंचे ओझे. ते घेऊन उडणाऱ्या यंत्राने सात-आठ मिनिटांत एकरभर रान फवारले, तर ते दमले असे म्हणू नये. त्याने आपले काम केले.

यातून व्यवहाराचे शहाणपण काय घ्यायचे? फवारणी ठरवताना नुसता एकरी भाव विचारू नका. बॅटरीचे जोड किती आहेत, आणि शिवारात वीज नसेल तर त्या कशावर भरणार, हेही विचारा. बॅटरी पार रिकामी होईपर्यंत उडवू नये. उतरलेली तापती बॅटरी सावलीत निवू द्यावी, मगच भरायला लावावी. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी काम थांबवावे, नाहीतर औषध शेजाऱ्याच्या रानात जायचे. आणि चालवणाराचे प्रशिक्षण झाले आहे ना, याची खात्री करावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ड्रोन फवारणीची प्रात्यक्षिके केली आहेत. ती जरूर पाहावीत. २०२३ साली केंद्र सरकारने महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. तेव्हा ही पेटी आपल्या लेकीसुनांच्याही हाती यायची आहे.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी म्हणेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत, पाठीवर पंप घेऊन, स्वतःच्याच तोंडावर येणारे औषध त्यांनी श्वासाबरोबर घेतले होते. यंत्राचे पाखरू दहाच मिनिटे हवेत राहते. पण तेवढी दहा मिनिटे माणूस विषापासून लांब बांधावर उभा राहतो. अर्थात औषध कालवताना आणि टाकी भरताना हातमोजे नि तोंडाला मुसके हवेच. ते काम पाखरू करीत नाही.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे बिनइंजिनाचे विमान मुलांकडून करून घ्या. एकाच उंचीवरून ते दहा वेळा सोडा आणि सेकंद मोजा. मग त्याच्या मध्यावर, जिथे ते बोटावर तोलते तिथे, एक रुपयाचे नाणे चिकटवा आणि पुन्हा दहा वेळा मोजा. दोन्ही सरासऱ्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. वजन आणि वेळ यांचे नाते मुलांना त्या दोन आकड्यांतून आपोआप कळेल.