मुलास जामीन कोण?



मुळशीच्या घरांस तुरुंग अपरिचित नाहीं. धरणाविरुद्ध 1921 सालीं सुरू झालेल्या सत्याग्रहांत येथील स्त्रीपुरुषांनीं बंदिवास सोसला. त्यांची आठवण आम्ही अभिमानानें काढतों. परंतु चोरीच्या आरोपावरून एखादा 15 वर्षांचा मुलगा येरवड्यास बाल न्याय मंडळापुढें उभा राहिला, कीं आम्ही त्याच्या आईचें दारही टाळतों.

2015 चा बाल न्याय कायदा आमच्याहून दयाळू आहे. मुलास संस्थेंत ठेवणें हा त्यानें अखेरचा उपाय मानिला. त्याआधीं समज, समुपदेशन, समाजसेवा. आणि परिवीक्षा, म्हणजे सद्वर्तनाच्या अटीवर मुलास आईबापांच्या किंवा मंडळानें योग्य ठरविलेल्या व्यक्तीच्या स्वाधीन करणें, फार तर 3 वर्षें.

ही योग्य व्यक्ती कोण? ज्याचा बाप हिंजवडीच्या बांधकामांवर दिवसभर राबतो, त्या मुलाबरोबर तारखेस पौडाहून पुणें ओलांडून येरवड्यापर्यंत जाणारा, सायंकाळीं तो घरीं आला कीं नाहीं हें पाहणारा माणूस लागतो. काम कंटाळवाणें आहे. भाषण सोपें, तें आम्ही करीतच आहों.

आमच्यांत गवंडी आहेत, सुतार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. दोघे-तिघे तरी नांव देतील काय? मिस्सेनंतर आम्ही ओसरीवर वही घेऊन बसणार आहों.