रानभाजी, नाचणी आणि भुकेचे अर्थशास्त्र

(आंजर्ले येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)

आजच्या अभ्यासवर्गासाठी आपण मला कुपोषण हा विषय दिलात. आकड्यांपासून सुरुवात करणे हा अर्थशास्त्राच्या शिक्षकाचा जुना दोष आहे. तो आपण सहन करावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची वाढ खुंटलेली आहे आणि १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. हे चित्र एखाद्या मागासलेल्या राज्याचे नव्हे. उद्योगधंद्यांत अग्रेसर म्हणविणाऱ्या राज्याचे आहे.

यावर अलीकडे एक सोपा उपाय सुचविला जातो. गरिबांनी रानभाज्या खाव्यात, नाचणीकडे परत वळावे! २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा हा उपदेश विशेष जोरात होता. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते दहाच्या आसपास. कुळथात शेकडा वीसहून अधिक प्रथिने असतात. शेवग्याचा पाला तर सेनेगलपासून फिलिपाइन्सपर्यंत गरिबाघरच्या बाळंतिणीचा आधार आहे. आपल्या आंजर्ल्यात पहिल्या पावसानंतर वाटेच्या दुतर्फा टाकळा उगवतो. मागोमाग कुर्डू येतो, भारंगी येते. तात्पर्य, निसर्गाने कोकणाशी कंजुषी केलेली नाही.

मग ही संपत्ती ताटात का उतरत नाही? लोकांचे अज्ञान, हे आपले ठरलेले उत्तर. मीही अनेक वर्षे हेच मानीत होतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या एका बाईंना मी टाकळ्याचे गुण समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मास्तर, टाकळा फुकट खरा. पण रानातनं खुडून आणून निवडायला अर्धा दिस जातो. त्या अर्ध्या दिसाची मजुरी कोण देतंय?"

मित्रहो, वर्गात वर्षानुवर्षे जे शिकवले ते मला त्या दिवशी नव्याने कळले. अळूला आमसूल का लागते, टाकळा कोवळाच का खुडावा, हे त्या बाईंना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. त्यांच्याजवळ उणीव आहे ती वेळेची, जळणाची आणि जमिनीची. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, अन्न असणे आणि त्या अन्नावर माणसाचा हक्क चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा सिद्धान्त वाटेवरच्या टाकळ्यालाही लागू पडतो.

नाचणीचेच पाहा. ती पिकत असे डोंगरउताराच्या वरकस जमिनीत. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. पुढे १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि पुष्कळशा वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. कलमांनी कोकणात पैसा आणला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो पैसा कलमाच्या मालकाकडे गेला. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याच्या वाट्याला हंगामी मजुरीच आली. उरल्या शेतात माकडे आणि रानडुकरे, आणि कसणारे तरुण हात मुंबईला! एकेकाळी गरिबाचे अन्न म्हणून हिणवलेली नाचणी आता शहरात बिस्किटांच्या चकचकीत पुड्यांतून विकली जाते.

म्हणून एक धोका स्पष्टपणे सांगतो. रानभाज्यांचे कौतुक रेशनला पर्याय म्हणून होऊ लागले, तर ती गरिबांची वंचना ठरेल. पालेभाजीतून लोह व जीवनसत्त्वे मिळतात. पण पोट भरण्याइतके उष्मांक मिळत नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला धान्याचा हक्क आपण सोडता कामा नये. उलट तो रुंदावला पाहिजे. त्या कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्याचाही उल्लेख आहे. म्हणजे रेशनवर नाचणी मागण्यास आपल्याला कायद्याचाच आधार आहे. ओडिशाने आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी खरेदी करून ती रेशनवर आणली. केओंझर जिल्ह्यात तिचे लाडू अंगणवाडीत पोचले. तिथे जे घडले ते इथे का घडू नये?

आपण कार्यकर्त्यांनी तीन मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, केवळ हमीभाव जाहीर करून न थांबता सरकारने तालुक्यात नाचणीचे खरेदी केंद्र उघडावे. दुसरी, अंगणवाडीतील आहारात बंद पाकिटांऐवजी गावच्या स्त्रियांनी रांधलेली नाचणी, कुळीथ आणि शेवगा असावा, आणि त्या रांधण्याचे रास्त वेतन त्यांना मिळावे. तिसरी, गायरान व रानातून भाजी, कंद आणि फळे घेण्याचा भूमिहीनांचा आणि कातकऱ्यांचा वहिवाटीचा हक्क अबाधित राहावा.

टाकळ्याचे गुण सांगायला प्राध्यापक पुष्कळ मिळतील. त्या बाईंच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा प्रश्न विचारणारी चळवळ मात्र आपल्यालाच उभी करावी लागेल.