मेरापीच्या उतारावरची जाग

जावा बेटावरच्या मेरापी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर, स्लेमान जिल्ह्यात, पेतुंग नावाची एक वाडी होती. तिथल्या एका घराच्या भिंती अजून उभ्या आहेत. आत एक घड्याळ ठेवलंय. त्याचं प्लॅस्टिक मेणासारखं ओघळून थिजलेलं, आणि काटे बारा वाजून पाच मिनिटांच्या आसपास चिकटून बसलेले. शेजारी मोटारसायकलचा गंजका सांगाडा, वितळून वाकड्या झालेल्या बाटल्या, आणि गुरांची हाडं. ही वेळ ५ नोव्हेंबर २०१० च्या मध्यरात्रीची. घराच्या मालकांनी राखेतून जे सापडलं ते तसंच मांडून ठेवलं आणि त्या जागेला नाव दिलं ‘सिसा हार्ताकू’.

हे नाव मराठी माणसाला फोडून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. ‘सिसा’ म्हणजे शेष. ‘हार्ता’ हा संस्कृत ‘अर्थ’, म्हणजे मालमत्ता. ‘कू’ म्हणजे माझं. माझ्या मालमत्तेतलं जे शेष राहिलं ते. इंडोनेशियाच्या भाषेत असे शब्द पावलोपावली भेटतात. जीव म्हणजे ‘जीवा’, धोका म्हणजे ‘बाहाया’, गाव म्हणजे ‘देसा’, आणि राखण करणं म्हणजे ‘जागा’. हा शेवटचा शब्द आपल्या जागल्याच्या घरचाच. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी हे शब्द समुद्र ओलांडून गेले. त्या वाड्यांमध्ये माणसं आजही याच शब्दांत आपली काळजी बोलून दाखवतात: जीव राखायचा, अर्थ राखायचा, आणि त्यासाठी रात्री जागायचं.

जागायचं कसं, याची तिथे ठरलेली रीत आहे. तीस-चाळीस घरांचा एक गट असतो, त्याला ‘आर. टी.’ म्हणतात. १९४४ मध्ये जपानी लष्करी अमलाखाली जावात शेजारगट पाडले गेले. लोकांकडून धान्य आणि श्रम वसूल करायला, आणि लोकांवर नजर ठेवायला. जपानी गेले, गट राहिले. गटाचा मुख्य शेजाऱ्यांतूनच निवडला जातो. दाखला हवा तर आधी त्याची सही लागते. पाहुणा चोवीस तासांपेक्षा जास्त राहणार असेल तर त्याला कळवायचं, अशी पाटी वाडीच्या तोंडाशी लावलेली असते.

रात्री गटातले पुरुष पाळीपाळीने गस्त घालतात. तिला ‘रोंदा’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज, आणि आपल्या किल्ल्यांवरची रोंद त्याच घराण्यातली. वाडीच्या नाक्यावर चार खांबांची चौकी असते आणि तिच्यात टांगलेलं असतं ‘केंतोंगान’: बांबूचा किंवा फणसाच्या लाकडाचा पोकळ ठोकळा, मधोमध उभी चीर पाडलेला. त्यावर टिपरू मारलं की आवाज दूरवर जातो. ठोक्यांची भाषा ठरलेली. गावागणिक थोडा फरक पडतो, पण चौकीत लावलेल्या फलकावर बहुधा असं असतं: एक ठोका म्हणजे खून, दोन म्हणजे घरात चोर, तीन म्हणजे आग, चार म्हणजे नैसर्गिक आपत्ती, पाच म्हणजे गुरं चोरीला गेली. गुरांसाठी स्वतंत्र ठोका आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावं. पुढे सगळी गोष्ट गायीपाशीच येऊन थांबते.

गस्तीला जोडून आणखी एक सुंदर रिवाज आहे, ‘जिंपितान’. ‘जिंपित’ म्हणजे चिमूट. प्रत्येक घराच्या दाराशी एक लहानसा डबा किंवा बांबूचं नळकांडं अडकवलेलं असतं. झोपण्याआधी घरातलं कुणीतरी त्यात चिमूट-मूठ तांदूळ टाकून ठेवतं. अलीकडे बऱ्याच ठिकाणी पाचशे रुपियाचं नाणं. पाळीवरची माणसं प्रत्येक डबा रिकामा करून तांदूळ गोळा करतात. त्यातून रस्त्यावरचा दिवा लागतो, आजाऱ्याला मदत जाते, मयताच्या घरी खर्चाला हातभार लागतो. ही वर्गणी तर आहेच, पण खरी करामत वेगळी आहे. तांदूळ घ्यायचे म्हणून गस्तीवाल्याला दर रात्री प्रत्येक दाराशी जावंच लागतं. कुणाचं दार उघडं राहिलंय, कोणत्या घरात म्हातारं माणूस खोकतंय, कुणाचा डबा दोन दिवस रिकामा आहे, हे सगळं आपसूक कळतं. लोखंडी जाळी आणि कुलपं ज्याला परवडत नाहीत त्याचं घर असं राखलं जातं.

या जाळ्याला काळी बाजूही आहे. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत शेजाऱ्यावरची हीच नजर सत्तेच्या कामी आली. वेगळं बोलणारा, वेगळं वागणारा माणूस लगेच डोळ्यांवर यायचा. आणि चोर हाती लागल्यावर पोलिसांची वाट न पाहता जमावाने त्याला मरेस्तोवर मारल्याच्या बातम्या इंडोनेशियात आजही येतात. माल वाचतो आणि जीव जातो. राखण करणाऱ्यांच्या हातात निवाडाही गेला की असं होतं, आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

आता डोंगराकडे येऊ. मेरापीवरची माणसं डोंगराला ‘म्बाह’ म्हणतात, म्हणजे आजोबा. उद्रेक झाला असं तोंडाने म्हणत नाहीत. आजोबांच्या घरी ‘गावे’ आहे म्हणतात, आपण ‘कार्य आहे’ म्हणतो तसं. आपल्याकडे जुनी माणसं स्मॉलपॉक्सला रोग न म्हणता ‘देवी आल्या’ म्हणायची, त्यांना हे सहज समजलं असतं. आणि डोंगरावरून लोळत येणाऱ्या तप्त वायू-राखेच्या ढगाला नाव आहे ‘वेदुस गेंबेल’, म्हणजे झिपरी मेंढी. लांबून तो खरंच मेंढरांच्या कळपासारखा गुबगुबीत दिसतो. आतलं तापमान शेकडो अंश असतं.

किनाहरेजो वाडीत या डोंगराचे राखणदार राहत, म्बाह मारिजान. योग्यकर्ताचे सुलतान हामेंगकुबुवोनो नववे यांनी १९८२ मध्ये त्यांची नेमणूक केली होती. २००६ मध्ये डोंगर खवळला, सरकारने वाड्या खाली करायला सांगितलं, पण मारिजान हलले नाहीत. त्या वेळी ढग त्यांच्या वाडीवर आला नाही. तो गेला जवळच्या कालिआदेमकडे. तिथे अशा प्रसंगासाठीच बांधलेल्या काँक्रीटच्या बंकरमध्ये दोन जणांनी आसरा घेतला होता, त्या दोघांचा तिथेच अंत झाला. ज्यांना वाचवायला भिंत बांधली ते मेले, आणि जे भिंतीशिवाय घरात बसले ते वाचले. एका उद्रेकातून लोकांनी घेतलेला हा धडा पुढच्या उद्रेकात जिवावर बेतला. २६ ऑक्टोबर २०१० च्या संध्याकाळी ढग थेट किनाहरेजोवर आला. ८३ वर्षांचे मारिजान घरातच गेले, आणि त्यांच्याबरोबर वाडीतली, त्यांना न्यायला आलेली बरीच माणसंही.

त्यानंतरचे दहा दिवस मात्र श्रद्धेपेक्षा गोठ्याचे होते. या उतारावर घरटी दोन-चार दुभत्या गायी असतात. जमीन उताराची, थंड, वैरण भरपूर. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीत जातं. मुलांची फी, लग्न, दवाखाना, सगळं गायीतून उभं राहतं. आपण ‘पशुधन’ म्हणतो, तो शब्द तिथे अक्षरशः खरा आहे. गाय पेटीत ठेवता येत नाही आणि पाठीवर घेऊन पळताही येत नाही. दुभत्या गायीची धार दोन वेळा काढली नाही तर तिची कास सुजते. खाली हलवलेल्यांना छावणीत भात मिळत होता, सतरंजी मिळत होती, पण माणसाचे कान वरच्या गोठ्याकडे लागलेले. मग पहाटे मोटारसायकल काढायची, मागे वैरणीचा भारा बांधायचा आणि बंदी असलेल्या भागात वर जायचं. अडवणाऱ्या शिपायाला ही माणसं अडाणी, हट्टी वाटायची. पण त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घरातली सगळी पुंजी वर हंबरतेय, आणि ती वाचवण्यासाठी कुणी काही बोलत नाहीये.

सरकारने धोक्यातली गुरं विकत घेण्याची घोषणा केली, पण ती उद्रेक सुरू झाल्यावर, नोव्हेंबरमध्ये. ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्री गेंडोल नदीच्या पात्रातून ढग शिखरापासून सुमारे पंधरा किलोमीटर खाली धावला. त्याच रात्री धोक्याची हद्द वीस किलोमीटर करण्यात आली. त्या उद्रेकात एकूण साडेतीनशेहून अधिक माणसं गेली, आणि साडेतीन लाखांच्या आसपास घराबाहेर पडली.

नंतर पुनर्वसन झालं. शंभर चौरस मीटरचा तुकडा, छत्तीस चौरस मीटरचं घर. वरची जमीन लोकांच्याच नावावर राहिली. राहायचं नाही, पण कसायची. बहुतेकांनी मान्य केलं. ग्लागाहार्जो गावातल्या कालितेंगाह लोर, कालितेंगाह किदुल आणि स्रुनेन या तीन वाड्यांनी मात्र साफ नकार दिला. शंभर चौरस मीटरमध्ये गोठा कुठे बांधायचा, हा प्रश्न साधा होता आणि त्याला उत्तर नव्हतं. त्या वाड्या वर परतल्या आणि पळायची तयारी त्यांनी स्वतःच बांधायला घेतली. डोंगरावर भूकंपमापक बसवलेले आहेत, त्यांचा संकेत आवाजाच्या रूपात रेडिओवर येतो. ज्याच्याकडे वॉकीटॉकी आहे तो ती चालू ठेवूनच कामाला लागतो. डोंगराचा सूर बदलला की शेजारी बायका भाजी चिरताचिरता मान वर करतात. केंतोंगान अजून टांगलेलं आहेच.

पश्चिमेच्या मागेलांग जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडली. वरच्या गावांना खालच्या गावांशी जोडून दिलं: ‘देसा बेरसौदारा’. ‘सौदारा’ म्हणजे सहोदर. भावंडगावं. न्गार्गोमुल्यो गाव तामानागुंगशी बांधलं गेलं. कोणत्या घरातलं माणूस कुठे उतरणार, मुलं कोणत्या शाळेत बसणार, हे डोंगर शांत असतानाच ठरवायचं. अनोळखी छावणीत जाणं आणि ओळखीच्या गावात भावाकडे जाणं, यातला फरक घर सोडावं लागलेल्या माणसालाच कळेल.

५ नोव्हेंबर २०२० ला, त्या रात्रीला बरोबर दहा वर्षं होत असताना, मेरापीचा इशारा चारपैकी तिसऱ्या पायरीवर नेण्यात आला. करोनाचे दिवस. निवाऱ्याच्या इमारतींमध्ये कुटुंबागणिक आडोसे उभारलेले. कालितेंगाह लोरमधून म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि लहान मुलं आधी खाली आली. आणि या वेळी त्यांच्या पाठोपाठ ट्रकांतून गायीही आल्या. गावाने खालच्या अंगाला त्यांच्यासाठी सामायिक गोठे उभारले होते. दिवसाउजेडी पुरुष चारा कापायला वर जात आणि भारे घेऊन खाली येत. संध्याकाळी गोठ्यात धारा काढण्याचा आवाज सुरू होई, आणि थोड्या अंतरावर, आडोशापलीकडे, त्याच गायींच्या मालकिणी भात वाढून घेत.