भाड्याची पेटी, फुकटचं मरण

(परळ, मुंबई येथे कोरडवाहू जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आज सकाळी दादरला गाडीतून उतरलो आणि एका सुक्यामेव्याच्या दुकानात बदामाचा भाव विचारला. घ्यायचा नव्हता, सवय म्हणून विचारला. दुकानदार म्हणाला, "कॅलिफोर्नियाचा आहे." त्या बदामाची गोष्ट सांगायला मी उभा आहे. कारण ती गोष्ट आपल्या बांधावर येऊन पोचली आहे.

कॅलिफोर्नियात दहा लाख एकरांहून जास्त जमिनीवर नुसता बदाम आहे. बदामाच्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. मधमाशीने शेजारच्या दुसऱ्या जातीच्या झाडावरून पराग आणला तरच फळ धरतं. फुलोरा फेब्रुवारीत, तोही थोडेच आठवडे. तेवढ्यासाठी अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त पेट्या ट्रकवर चढवून तिथं नेतात. बागायतदार पेटीमागे भाडं देतो. फुलं संपली की पेट्या पुन्हा ट्रकवर, पुढच्या पिकाला.

यात वाईट काय? मधपाळाला पैसा मिळतो, बागायतदाराला फळ मिळतं. पण माशीला काय मिळतं ते बघा. आठवडेच्या आठवडे एकाच फुलाचा पराग, म्हणजे रोज नुसती भाकरी, कोरड्यास नाही. फुलोऱ्यात फवारे चालू. आणि देशभरच्या पेट्या शेजारी शेजारी, म्हणजे एकीचा रोग दुसरीला. २०२४-२५ च्या हिवाळ्यात तिथल्या मोठ्या मधपाळांच्या निम्म्याहून जास्त पेट्या मेल्या. सरकारी तपासणीत विषाणू सापडले. ते पसरवणारा व्हरोआ नावाचा बारीक कोळीही सापडला. त्याला मारायचं औषध त्याला पचायला लागलं होतं. गुलाबी बोंडअळीने आपल्याला जे शिकवलं, तेच.

दाटी आणि प्रवास काय करतात, हे या शहराला कुणी सांगायला नको. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. गोदीजवळच्या मांडवीत पहिल्यांदा ओळखला गेला. दाटीच्या वस्त्यांतून तो पसरला, लाखो माणसं घाबरून शहर सोडून गेली आणि रोग गावोगाव पोचला. ज्या हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत लस आधी स्वतःला टोचून घेतली, त्याची प्रयोगशाळा १८९९ मध्ये इथं परळलाच आली. हाफकिन संस्था आजही इथंच आहे. माणसांचं जे झालं तेच पेट्यांचं होतं.

आणि हा व्हरोआ मूळचा कुठला? तो आशियातला. आपल्या सातेरी माशीच्या अंगावर तो पूर्वापार आहे. सातेरी त्याला झटकते, तो तिच्या बहुतेक नरांच्याच अळ्यांवर वाढतो, म्हणून पोळं टिकतं. माणसाने परदेशी मेलिफेरा माशीच्या पेट्या आशियात आणल्या, तेव्हा कोळी तिच्यावर चढला आणि पेट्यांबरोबर जगभर फिरला. मेलिफेराला त्याची सवय नव्हती. उलट, १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात आपली सातेरीच रोगात सापडली. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मेल्या आणि केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत पेट्यांच्या ओळी ओस पडल्या.

आता आपल्याकडचं. डाळिंबाला, कलिंगडाला, कांद्याच्या बियाण्याला पेट्या भाड्याने येऊ लागल्या आहेत. माझाच एक अपराध सांगतो. जालन्याकडे एका कंपनीसाठी कांद्याचं बी धरलेलं होतं. सल्ला द्यायला मी जात असे. उत्तरेत मोहरी संपवून एक मधपाळ पेट्या घेऊन आला. कांद्याच्या फुलाची माशीला तशी फार गोडी नसते, म्हणून पेट्या अगदी वाफ्याला चिकटून ठेवलेल्या. फुलकिडे वाढले. मी म्हटलं, उद्या सकाळी फवारा. पेट्यांचा विचारही मनात आला नाही. शेतीची पदवी घेतलेला माणूस मी! दुपारी पेट्यांच्या तोंडाशी माशांचा ढीग पडला होता. मधपाळ भांडला नाही. ढिगाशी उकिडवा बसून म्हणाला, "साब, घर कैसे जाऊँ?" त्याला ना मी भरपाई दिली, ना कंपनीने. कुठे काही लिहून ठेवलेलंच नव्हतं.

भावांनो, सगळा दोष भाड्याचा नाही. रोग, उपासमार आणि विष हे तिघं माशी मारतात. पण भाड्याचा धंदा नीट केला नाही तर तो या तिघांना एका वावरात आणून बसवतो.

तुम्ही म्हणाल, आमची कपाशी आणि ज्वारी, आम्हाला काय त्याचं? ज्वारीला माशी लागत नाही हे खरं. पण ज्वारीचा पराग माशी नेते, तो तिचा घास आहे. कपाशी आपली आपण फळते, पण माशी फिरली तर बोंडं चांगली धरतात. सूर्यफूल, कारळं यांना तर ती हवीच. आणि फवाऱ्याचं विष माशीवर थांबत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक माणसं गेली. माशी जिथं मरते, तिथं पंप पाठीवर असलेल्या माणसाने सावध व्हावं.

म्हणून गावात गेल्यावर चार गोष्टी ठरवा.

एक, पेटी भाड्याने आणायची तर कागद करा. किती दिवस, किती पेट्या, फवारा कोण ठरवणार, माशी मेली तर भरपाई कोण देणार. बियाणं कंपनीचं असेल तर कंपनीची सही घ्या.

दोन, फुलोऱ्यात फवारा टाळा. अगदीच भाग पडला तर सूर्य मावळल्यावर, मधपाळाला आदल्या दिवशी कळवून.

तीन, पेट्या उतरवताना मधपाळाला विचारा, मागच्या मुक्कामी रोग होता का. आजारी पेटी गावात घेऊ नका. निरोगी पेट्याही एका बांधावर दाटीने मांडू नका.

चार, बांधावरची बोर, बाभूळ, कडुनिंब तोडू नका. कपाशीत तुरीच्या ओळी ठेवा, कडेला तीळ पेरा. आग्याचं पोळं दिसलं की मशाल लावू नका. ती माशी भाडं मागत नाही.

त्या मधपाळाचे पैसे माझ्याकडून राहिले. तुमच्या वावरात येणाऱ्या मधपाळाचे राहू देऊ नका.