कोरी पाटी

संकेतस्थळांची परीक्षा हल्लीं यंत्रच घेतें. पहिल्या परीक्षेंत तें परवलीचा शब्द देऊन आंत शिरतें आणि त्याची खूण ब्राउझरच्या साठवणींत राहते. मग दुसऱ्या परीक्षेच्या वेळीं प्रवेशाची व्यवस्था पार मोडलेली असली, तरी यंत्र आधींच आंत! निकाल: उत्तीर्ण. असलें यश अपयशाहून घातक.

सेलेनियमची कुकी पुसण्याची आज्ञा उघड्या पानाच्या कुकींपुरतीच चालते. ‘लोकल स्टोरेज’ निराळें पुसावें लागतें, हेंच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. २०२० सालीं निघालेलें प्लेराइट प्रत्येक परीक्षेस कोरी साठवण देतें. सायप्रेसही २०२२ पासून प्रत्येक परीक्षेपूर्वीं सर्व डोमेनांच्या कुकी व ‘लोकल स्टोरेज’ आपण होऊन पुसतें. वेळ वाचवावयाचा असल्यास प्रवेशाची स्थिति जपून ठेवून ती मुद्दाम परत घालण्याची सोय या दोहोंत आहे.