मस्ट, शुड आणि हॅव टू : कर्तव्याची इंग्रजी रूपे

(बुलढाणा येथील वार्षिक संमेलनाच्या गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



ह्या जिल्ह्यात इंग्रजी शिकविण्यात माझे आयुष्य गेले. म्हणून आज व्याकरणाचाच एक लहानसा विषय आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा घेतो. विषय लहान खरा. पण त्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे.

महाविद्यालयात असताना मी शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीत अर्ज केला. ‘मला शिष्यवृत्ती मिळाली पाहिजे’ असे मनात होते आणि पाहिजे म्हणजे मस्ट, एवढेच ठाऊक होते. म्हणून ‘यू मस्ट गिव्ह मी’ असे लिहून मोकळा झालो. अर्ज परत आला. ‘मस्ट’ ह्या शब्दाभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ होते. नवा अर्ज लिहीपर्यंत मुदत टळली आणि त्या वर्षीची फी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरावी लागली. दोष कोणाचाच नव्हता; माझ्या क्रियापदाचा होता.

आपल्या मराठीत कर्तव्य सांगण्याच्या कितीतरी तऱ्हा आहेत. करावे, करायला हवे, केले पाहिजे, करावे लागते, करणे भाग आहे. प्रत्येकीचे वजन निराळे. इंग्रजीतही तसेच आहे. आपण मात्र ह्या साऱ्यांना एकाच मस्टच्या दावणीला बांधतो.

‘दाखल्यासाठी मेहकरला जावे लागते.’ येथे सक्ती बाहेरची आहे, नियमाची, परिस्थितीची. आपल्या वऱ्हाडी माउल्या ‘मले जा लागते’ म्हणतात, तेच हॅव टू. ‘आईला एकदा शेगावला न्यायला हवे.’ येथे सक्ती नाही, औचित्य आहे. म्हणून शुड किंवा ऑट टू. मस्टमध्ये बहुधा बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असतो. पाहुण्याला ‘लोणारचे सरोवर पाहिलेच पाहिजे’ असे म्हणताना मस्ट गोड लागतो, कारण त्या आग्रहात पाहुण्याचेच हित असते. तोच मस्ट अधिकाऱ्याकडे काही मागताना वापरला, तर तो हुकूम ठरतो. तेथे ‘आय रिक्वेस्ट’ किंवा ‘कुड यू’ म्हणावे.

नकारात तर अधिकच सावध राहावे. मस्ट नॉट म्हणजे करता कामा नये. डोन्ट हॅव टू किंवा नीड नॉट म्हणजे करण्याची गरज नाही. एखादे औषध उपाशीपोटी ‘घेता कामा नये’ आणि ‘घेण्याची गरज नाही’ ह्यांतला भेद रोग्याच्या जिवाशी खेळू शकतो. भूतकाळ सांगताना जावे लागले, म्हणजे हॅड टू. जायला हवे होते, पण गेलो नाही, म्हणजे शुड हॅव गॉन. पहिल्यात घडलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात राहून गेलेली.

एक साम्य मात्र मौजेचे आहे. ‘तो आता घरी असला पाहिजे’ ह्या वाक्यात सक्ती नसून अनुमान आहे. इंग्रजी मस्टही नेमके हेच काम करतो. दोन दूरच्या भाषांनी एकच वाट धरावी, हे नवल नव्हे काय?

कायद्याच्या इंग्रजीत कर्तव्याचा मुख्य शब्द शॅल. मराठी भाषांतरात तो पुष्कळदा ‘करील’, ‘असेल’ अशा भविष्यकाळी रूपाने उतरतो. परंतु तेथे भविष्यकथन नसते, बंधन असते. हे बंधनही सर्वत्र सारखे नसते. 1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या 45 व्या अनुच्छेदात राज्याने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे होते. शब्द शॅलच, पण त्यापुढे ‘प्रयत्न’ होता आणि तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने न्यायालयाकरवी अमलात आणता येत नव्हता. दहा वर्षे सरली, तरी ते ध्येय गाठले गेले नाही. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 21-अ हा अनुच्छेद मूलभूत हक्कांत घातला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ‘प्रयत्न’ जाऊन ‘शिक्षण देणे’ आले. तो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. एका क्रियापदाची वाट मुलांनी साठ वर्षे पाहिली!

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, वाक्य लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : ही सक्ती कोणाची? माझी, नियमाची, की केवळ सदसद्विवेकाची? उत्तर मराठीत नीट मिळाले की इंग्रजी शब्द आपोआप सापडेल. आज अर्ज संगणकावरून जातात. तेथे तांबड्या शाईचे वर्तुळ काढून चूक दाखविणाराही कोणी भेटेल, असे नाही.

आईच्या पाटल्या मी पहिल्या पगारातून सोडविल्या. ते मला करावे लागले नाही. ते मी करायला हवे होते, आणि केले. एवढे सांगून आपली रजा घेतो.