मलबारचा धडा
(अभ्यासवर्गातील भाषण)



केरळचे नाव निघाले की आपले अर्थपंडित म्हणतात, तेथील राजघराणीच पुरोगामी होती! शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा असा हुकूम त्रावणकोरच्या राणीने १८१७ मध्ये काढला, हे खरेच आहे. पण मलबारचे काय? हा मुलूख आधी ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात व पुढे मद्रास राज्यात होता. तेथे जन्मी जमीनदारांचे वर्चस्व होते, आणि साक्षरतेत तो त्रावणकोर-कोचीनच्या बराच मागे होता. पंडितांच्या सिद्धान्ताची कसोटी लागते ती येथे.

५ एप्रिल १९५७ रोजी कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि सहाच दिवसांत कुळांची हकालपट्टी थांबविणारा वटहुकूम निघाला. शाळा-दवाखान्यांच्या चर्चेत हा वटहुकूम कशाला, असे कोणी विचारील. ज्याला उद्या बिऱ्हाड उचलावे लागेल त्याचे पोर शाळेत टिकत नाही, म्हणून! त्याच वर्षी कालिकतला मलबारमधील पहिले वैद्यकीय महाविद्यालय निघाले. खाजगी शाळांतील शिक्षकांना पगार व्यवस्थापकाच्या हातून नव्हे, तर थेट सरकारी तिजोरीतून मिळावा, अशी तरतूद शिक्षण कायद्याने केली. या कायद्याविरुद्ध केवढे काहूर उठविण्यात आले, आणि १९५९ मध्ये केंद्राने ते सरकार कसे बरखास्त केले, हे आपणांस ठाऊकच आहे.

सरकारी खर्चाने दारिद्र्य हटते ते कसे? मजुराच्या घरात आजार शिरला की औषधापायी कर्ज होते आणि वाढवून मिळालेली मजुरी सावकाराच्या घशात जाते. दवाखाना मोफत असेल, रेशनवर धान्य मिळत असेल, तर ती मजुरी त्याच्यापाशी उरते. २०११ च्या जनगणनेत मलबारमधील मलप्पुरम जिल्ह्याची साक्षरता ९३ टक्क्यांवर होती, म्हणजे जवळजवळ राज्याच्या सरासरीइतकी. हे राजघराण्याच्या पुण्याईने घडलेले नाही.

परंतु याच मलबारच्या पालघाट भागात अट्टप्पाडी आहे. २०१३ मध्ये तेथे आदिवासींची तान्ही मुले कुपोषणापायी दगावली. योजनांचा पैसा तेथेही गेला होता. मात्र आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती गेलेली होती. ती परत देण्यासाठी केलेला १९७५ चा कायदा वर्षानुवर्षे कागदावरच राहिला, डाव्या आघाडीच्या कारकिर्दींतही. बालमृत्यूंनंतर सामूहिक स्वयंपाकघरे उघडण्यात आली, ते आवश्यकच होते. पण जो आदिवासी आपल्या शेतात नाचणी पिकवून खात असे, त्याला ताटासाठी सरकारी स्वयंपाकघराकडे पाहावे लागले, याचाही विचार व्हायला हवा.